वस्तीवरून नेलेले कागद वस्तीवर परत येतात

सोलापुरात समाजकार्य विषयात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला पत्र लिहून, सोबत प्रश्नावलीचा मसुदा जोडून, काही प्रश्न विचारले आहेत. जिल्ह्यातील फासेपारधी आणि शहराच्या सेटलमेंट भागातील कैकाडी या दोन समाजांचे आरोग्य, संस्कृती, ओळख आणि हक्क हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आहे. मार्गदर्शकांनी चारशे प्रश्नावल्या भरून घ्यायला सांगितले आहे आणि दिवाळीनंतर, डिसेंबर-जानेवारीत, ते काम उरकण्याचा त्यांचा बेत आहे. स्त्रियांचे हिमोग्लोबिन तपासावे का, सही न येणाऱ्या माणसांची लेखी संमती कशी घ्यावी, वस्तीवर कोणाच्या ओळखीने जावे आणि शीर्षकात ‘आदिवासी’ लिहावे की ‘मूलनिवासी’, असे त्यांचे प्रश्न आहेत. मी जनवैद्यकशास्त्राचा डॉक्टर आहे. या जिल्ह्यातील पालांवर आणि वस्त्यांवर माझी सत्तावीस वर्षे गेली, त्यांपैकी पहिली काही वर्षे चुका करण्यात गेली. त्यामुळे त्यांना उद्देशून जे सांगतो आहे त्यातले बरेचसे पुस्तकात वाचलेले नसून अंगावर आलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

शीर्षकाचा प्रश्न त्यांनी शेवटी आणि काहीसा संकोचून विचारला आहे, पण तो पहिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 13 सप्टेंबर 2007 रोजी मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा 144 विरुद्ध 4 मतांनी मंजूर केला. विरोधात मत देणारे चार देश म्हणजे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, म्हणजे जिथे हा प्रश्न सर्वांत धगधगता होता तेच. भारताने बाजूने मत दिले, मात्र स्वातंत्र्यानंतर भारतातील सगळेच नागरिक मूलनिवासी आहेत, ही आपली भूमिका सोडली नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय ग्रंथांतला तो शब्द जसाच्या तसा उचलून सोलापूरच्या वस्तीवर ठेवला, तर इथल्या कोणत्याही कायद्याशी त्याची गाठ बसत नाही. आपल्याकडे शब्दांना यादी असते आणि यादीला जिल्हा असतो. फासेपारधी हे महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत. कैकाडी मात्र विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आणि उर्वरित महाराष्ट्रात, म्हणजे सोलापुरातही, विमुक्त जातींत, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या आणि पुढे त्या कायद्यातून मुक्त झालेल्या जातींत, आहेत. अकोल्यातील मामेभावाला अनुसूचित जातीचा दाखला आणि सोलापुरातील आतेभावाला विमुक्त जातीचा, असे एकाच कुटुंबात घडते. हा फरक केवळ नोकरीच्या टक्केवारीपुरता नाही. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती आणि जमातींना संरक्षण देतो. सेटलमेंटमधल्या कैकाड्याला जातीवरून मारहाण झाली तर तो कायदा त्याच्या कामाचा नाही, पण मोहोळच्या माळावरच्या फासेपारध्याला मारहाण झाली तर आहे. तेव्हा दोन्ही समाजांना एका ‘आदिवासी’ शब्दाखाली घेण्यापूर्वी तुमच्या विषयातील ‘हक्क’ या भागाचे काय होते ते पाहावे. माझा सल्ला विचाराल तर शीर्षकात समाजांची नावे जशी ते स्वतः सांगतात तशी लिहावीत आणि कायदेशीर वर्ग कोणता, हे पहिल्या प्रकरणात स्पष्ट करावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. प्रबंध लिहून झाला, मौखिक परीक्षा झाली, प्रत ग्रंथालयाच्या कपाटात गेली, म्हणजे विषय संपला, असे आपल्याकडे धरले जाते. या समाजांच्या बाबतीत ते कधीच खरे नव्हते. त्यांच्याविषयी जे लिहिले गेले ते फाईल होऊन त्यांच्याकडे परत आले. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला आणि 1924 मध्ये त्याला एकत्रित रूप मिळाले. कोणती जमात ‘जन्मजात गुन्हेगार’ हे ठरवताना त्या काळच्या अधिकाऱ्यांनी लिहिलेली चालीरीतींची वर्णनेच आधाराला होती. त्यांच्या भाषा, देवदेवता, बायकांची वस्त्रे, शिकारीची साधने असे सगळे त्यांत आहे. आज ती वर्णने वाचताना आपण त्यांना मानवशास्त्र म्हणतो. त्यांच्याच बळावर सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली, माणसांना दिवसातून ठरल्या वेळी हजेरी लागली, बाहेर जायला पास लागला आणि त्यांची मजुरी कापडगिरण्यांच्या कामी आली. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, हा दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कुंपण गेले, नाव राहिले. रिक्षावाल्याला आजही ‘सेटलमेंटला चला’ असेच सांगतात, आणि त्यामागचा इतिहास सांगणाऱ्यापेक्षा तो ठाऊक नसलेलेच अधिक भेटतात.

या इतिहासाला एक विचित्र वळण आहे, ते तुमच्या प्रबंधातील ‘ओळख’ या शब्दाशी थेट जोडलेले आहे. जात पडताळणीसाठी अनुसूचित जमातीच्या माणसाला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा आणि विमुक्त जातीच्या माणसाला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा रहिवास व पुरावा दाखवावा लागतो. ज्यांना जमीन नव्हती, ज्यांची मुले शाळेत गेली नाहीत आणि ज्यांचे पाल दर पंधरा दिवसांनी हलत होते, त्यांनी 1950 चा कागद आणायचा कुठून? माझ्या माहितीतील काही कुटुंबांकडे पणजोबाच्या जातीचा एकमेव जुना लेखी पुरावा होता तो सेटलमेंटच्या नोंदींचा. ज्या वहीने पणजोबाला गुन्हेगार ठरवले, त्याच वहीची नक्कल पणतीच्या वैधता प्रमाणपत्राला जोडलेली मी पाहिली आहे. ती मुलगी आज परिचारिका आहे. या घटनेकडे कडवटपणे पाहावे की हसावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कागद नसले की प्रश्न येतो चालीरीतींचा. पडताळणी समितीचे दक्षता पथक अर्जदाराच्या घरी जाऊन विचारते, कुलदैवत कोणते, लग्नात मांडव कसा घालतात, मयत पुरतात की जाळतात, बोलीत अमुक शब्दाला काय म्हणतात. यालाच ॲफिनिटी टेस्ट म्हणतात. उत्तरे पडताळायला पथकाजवळ काय असते? तुमच्या-माझ्यासारख्यांनी लिहिलेले अहवाल आणि पुस्तके. ‘या जमातीत लग्नात अमुक विधी अनिवार्य असतो’ असे एखाद्या संशोधकाने दोन वस्त्या पाहून लिहिलेले असते आणि तिसऱ्या वस्तीवरच्या मुलाने वेगळे उत्तर दिले की त्याच्या दाव्यावर शंका येते. सोलापूर-पंढरपूर पट्ट्यातील महादेव कोळ्यांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. 1976 च्या दुरुस्तीने अनुसूचित जमातींच्या यादीवरील क्षेत्राची अट, म्हणजे ठरावीक भागात राहणाऱ्यांनाच त्या जमातीचे मानण्याची अट, निघाली, तेव्हापासून कोण खरा आणि कोण नव्याने दावा करणारा, हा वाद या जिल्ह्यात सतत चालू आहे. त्यात बाजू घेण्याचे माझे काम नाही. 24 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सांगितले की ही चाचणी दावा खरा की खोटा हे ठरवणारी अंतिम कसोटी मानता येणार नाही, कारण स्थलांतर, शिक्षण आणि आधुनिक राहणी यांमुळे चालीरीती बदलतात. निकाल चांगला आहे, परंतु चाचणी बंद झालेली नाही.

त्यापुढे आणखी एक पेच आहे. अनुसूचित जमात ठरवण्यासाठी 1965 मध्ये लोकूर समितीने जे निकष मांडले त्यांत आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्या समाजाशी संपर्क साधण्यातला बुजरेपणा आणि मागासलेपणा असे पाच मुद्दे आहेत. म्हणजे ज्या वस्तीत मुले शाळेत जाऊ लागली, ज्या घरात मोबाईल आला, ज्या सुनेने दवाखान्यात बाळंतपण केले, तिथे संशोधकाने ‘समाज आता पूर्णपणे मुख्य प्रवाहात मिसळला आहे’ असे वाक्य शेवटच्या प्रकरणात लिहिले, तर त्याने कौतुक केले असे त्याला वाटेल. वस्तीच्या दृष्टीने ते वाक्य घातक ठरू शकते. याचा अर्थ बदल लपवावा असा नाही. बदल लिहा, पण कोणत्या वस्तीत, किती घरांत, कोणत्या साली पाहिला हे लिहा, आणि ‘या जमातीत असे असते’ असे सरसकट वाक्य हातून सुटू देऊ नका. संस्कृतीवरच्या प्रत्येक परिच्छेदाला स्थळ आणि काळ बांधून ठेवण्याची सवय लागली की निम्मा धोका टळतो.

उरलेला निम्मा धोका कशात असतो, ते एका प्रसंगाने सांगतो. बार्शी रस्त्याकडच्या एका वस्तीवर एक म्हातारे मामा होते. तित्तिराचा आवाज ते इतका हुबेहूब काढत की बांधापलीकडून उत्तर येत असे. एका संध्याकाळी त्यांनी मला फास दाखवला. पूर्वी घोड्याच्या शेपटीचे केस वळून फास करीत, आता नायलॉनचा धागा वापरतात. बोटभर अंतरावर एकेक फास, मध्ये काडी, पक्षी चालत येतो तो वाऱ्याच्या कोणत्या बाजूने, माळावर कोणत्या महिन्यात अंडी असतात आणि तेव्हा फास का लावायचा नसतो, हे सगळे त्यांनी तासभर समजावून सांगितले. पक्ष्यांचे इतके बारीक निरीक्षण मी एकाही पदवीधराकडे पाहिलेले नाही. ते सगळे मी वहीत उतरवून घेतले आणि छापले मात्र नाही. जवळच नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हा आहे. माझ्या लेखात गावाचे नाव नसते, तरी ‘रस्त्यालगतची, तीस-चाळीस घरांची, अभयारण्याजवळची वस्ती’ एवढे वर्णन ठाण्याच्या हवालदाराला पुरेसे होते. टोपणनावे दिली की ओळख लपली, असे समजणारे संशोधक फार आहेत. चाळीस घरांच्या समाजात ‘55 वर्षांची, दोनदा लग्न झालेली, पाचवी शिकलेली स्त्री’ एकच असते. जे सांगणाऱ्याला अडचणीत आणू शकते ते वहीत ठेवायचे की नाही, हा निर्णय वस्तीवरून निघण्यापूर्वी, त्यांना विचारून घ्यावा. दारू गाळणे, जुन्या चोरीच्या केसेस, बालविवाह हे विषय तुमच्या प्रश्नावलीत मी पाहिले. आरोग्याच्या कोणत्या निष्कर्षासाठी ते लागणार आहेत, हे तुम्हाला सांगता येत नसेल तर ते प्रश्न काढून टाका.

हिमोग्लोबिनचा प्रश्न माझ्या दुखऱ्या जागेचा आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका प्रकल्पासाठी आम्ही जिल्ह्यातील काही वस्त्यांवर स्त्रियांचे रक्त घेतले. हेतू चांगला होता, पंडुरोगाचे प्रमाण काढायचे होते. प्रमाण निघाले, अहवाल गेला, परिषदेत तक्ता दाखवला गेला. तीन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्याच वस्तीवर गेलो असता एक बाई चुलीपासून उठून आल्या आणि म्हणाल्या, “डागदर, माज्या रगताचं काय झालं?” मला आधी कळलेच नाही. त्या तीन वर्षे वाट पाहत होत्या. आपले रक्त नेले, म्हणजे त्यात काहीतरी असणार, आणि सांगायला कोणी आले नाही म्हणजे फार वाईट असणार, असे त्यांनी धरले होते. त्यांच्या नावासमोरचा आकडा माझ्या कार्यालयात एका खोक्यात होता. तो शोधला तेव्हा साडेसात निघाला. साडेसात हिमोग्लोबिन असलेल्या बाईला लोहाची गोळी सुरू करायला तीन वर्षे लागावीत, याला संशोधन म्हणत नाहीत. चूक माझी होती, प्रकल्पाच्या आराखड्यात ‘निकाल परत देणे’ हा रकानाच नव्हता आणि मी तो मागितला नव्हता.

याहून मोठी गोष्ट अमेरिकेत घडली, ती या क्षेत्रातील प्रत्येकाला माहीत असावी. ग्रँड कॅनियनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई समाजाने त्यांच्यात मधुमेह फार वाढल्यामुळे 1990 पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, नात्यातील विवाह आणि त्यांचे पूर्वज आशियातून स्थलांतर करून आले का, यांवर अभ्यास झाले. स्थलांतराचा निष्कर्ष तर त्यांच्या उत्पत्तिकथेवरच घाव घालणारा होता. 2003 मध्ये विद्यापीठातील एका प्रबंधाच्या सादरीकरणाला त्या समाजातील एक तरुणी बसली होती, तेव्हा तिला हे कळले. खटला झाला, 2010 मध्ये तडजोड झाली, 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर देण्यात आले आणि नमुने परत करण्यात आले. गोठवलेल्या नळ्या समाजाच्या लोकांनी स्वतः जाऊन ताब्यात घेतल्या. आपल्या वस्तीवरच्या बाईंचा प्रश्न आणि त्या तरुणीचा प्रश्न यांत मला काहीच फरक दिसत नाही.

म्हणून हिमोग्लोबिन तपासायचे असेल तर तिथल्या तिथे बोटातून थेंब घेऊन, यंत्रावर आकडा दाखवून, तो चिठ्ठीवर लिहून त्या स्त्रीच्या हातात द्यावा. कमी निघाले तर गोळ्या कोण देणार, हे त्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आणि आशाताईंशी आधीच ठरवून ठेवावे. नळीत रक्त साठवू नये, तुम्हाला त्याची गरज नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी तर तुमच्या प्रबंधात आणूच नका. 1 जुलै 2023 पासून त्याचे राष्ट्रीय अभियान चालू आहे आणि 2047 पर्यंत आजाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. शासन ते काम करील. वाहक निघालेल्या मुलीच्या लग्नाचे काय होते, हे समजावून सांगणारा समुपदेशक पाठीशी नसताना नुसती चाचणी करणे अन्यायाचे आहे.

संमतीच्या कागदाविषयी बोलताना आधी शाईच्या पॅडविषयी बोलले पाहिजे. 1924 च्या कायद्याने नोंदलेल्या जमातींच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार दिला होता. तुम्ही पिशवीतून निळे पॅड काढता, अंगठा धरता, कागदावर दाबता, तेव्हा समोरच्या आजीच्या आठवणीत काय जागे होते याची कल्पना करा. एका आजींनी मला अंगठा देऊन झाल्यावर विचारले होते, “आता हजेरी कुटं द्यायची?” त्या चेष्टा करीत नव्हत्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाट आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी निःपक्षपाती साक्षीदाराच्या समक्ष माहिती वाचून दाखवून संमती घेता येते आणि भाग घ्यायला तयार, पण सही-अंगठ्याला तयार नसलेल्यांची तोंडी संमती, नैतिकता समितीच्या मान्यतेने आणि साक्षीदारासह, ध्वनिमुद्रित करता येते. हे अपवाद म्हणून आहे, सरसकट वापरायचे नाही. परंतु तुमच्या बाबतीतला अपवाद इतका सबळ आहे की समितीपुढे तो नीट मांडावा. सामाजिक शास्त्रांच्या विभागात अशी समिती असेलच असे नाही, मग विद्यापीठाकडे तसा अर्ज करा. ‘प्रश्नावली तर आहे, समिती कशाला’ असे कोणी म्हणाले तरी ऐकू नका.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर अजिबात सवलत घेऊ नका. 2009-10 मध्ये आंध्र आणि गुजरातेत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींच्या वसतिगृहांत अडीच हजारांहून अधिक संमतिपत्रांवर अधीक्षकांनीच सह्या केल्याचे संसदेच्या स्थायी समितीने 2013 मध्ये नोंदवले. लस उपयुक्त आहे, हा मुद्दाच वेगळा. आईबाप लांब मजुरीवर आहेत म्हणून अधीक्षकाची सही चालते, ही सवय आपल्या आश्रमशाळांपर्यंत पोचलेली आहे. शाळेत मुले आयती एका जागी मिळतात, त्यामुळे तो मोह मोठा असतो.

आता प्रवेशाचा प्रश्न. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावात गेलात तर ग्रामसभा आहे, अभ्यासगट आहे, सर्वसहमतीने निर्णय होतो, संशोधकाने कोणाला विचारायचे ते स्पष्ट आहे. सोलापूर जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रात नाही, अशा क्षेत्रांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा इथे लागू नाही आणि वस्ती ज्या गावाच्या हद्दीत असते त्या गावाच्या ग्रामसभेत पारध्याला बसायला जागा असतेच असे नाही. सरपंचाच्या परवानगीने वस्तीवर गेलात तर सरपंचाची माणसे म्हणून गेलात. पोलीस पाटलाबरोबर गेलात तर सगळेच संपले. राहता राहिली जातपंचायत. पंचांना भेटल्याशिवाय काम होत नाही आणि पंचांच्या हुकमाने काम केले तर ते स्वेच्छेचे राहत नाही. पंचांनी ‘सगळ्यांनी उत्तरे द्या’ म्हटल्यावर एखाद्या सुनेला नाही म्हणता येईल का? महाराष्ट्रात 2017 पासून सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागू आहे, तो अशा दडपणाच्या अनुभवातूनच आला. मी जी पद्धत शेवटी धरली ती अशी, की पंचांना भेटून काय करणार ते सांगायचे, हरकत आहे का एवढेच विचारायचे, आणि नंतर प्रत्येक घरात स्वतंत्रपणे, शक्य तिथे स्त्रियांशी स्त्री सहकाऱ्याने, पुन्हा पहिल्यापासून विचारायचे. कोणी नाही म्हटले हे पंचांना कळता कामा नये. वस्तीवरचीच शिकलेली एक मुलगी आणि एक मुलगा सहाय्यक म्हणून घ्या आणि त्यांना रोजच्या शेतमजुरीपेक्षा कमी पैसे देऊ नका. ‘तुमच्याच समाजासाठी आहे’ असे म्हणून फुकट राबवून घेणारे मी पुष्कळ पाहिले.

चारशे हा आकडा सूत्रातून आला असणार आणि सूत्राला ऊस माहीत नसतो. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेल्या की डिसेंबरात वस्तीवर म्हातारी माणसे, काही मुले आणि एखादी नुकती बाळंत झालेली बाई उरते. त्या महिन्यात काढलेली सरासरी कोणाची? तुम्हाला कुपोषण कमी दिसेल किंवा जास्त दिसेल, दोन्ही खोटे. फडावर जन्मलेली आणि तिथेच गेलेली मुले तर तुमच्या तक्त्यात येणारच नाहीत. एप्रिल-मे मध्ये जा, जेव्हा लोक परततात, लग्ने असतात आणि संध्याकाळी बोलायला सवड असते. उन्हाचा त्रास होईल, सोलापूरचे ऊन आहे.

शिवाय चारशेच हवेत का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग आणि इतर असेच वर्ग आहेत, विमुक्तांचा वेगळा रकाना नाही. 2011 च्या जनगणनेत 43 लाखांच्या या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते आणि राज्याच्या जमातींची सरासरी मुख्यतः भिल्ल, गोंड, कोकणा अशा मोठ्या समाजांवरून निघते. त्यामुळे सेटलमेंटमधल्या कैकाडी स्त्रीचे आरोग्य कोणत्याही सरकारी तक्त्यात स्वतःच्या नावाने नाही, आणि माळावरच्या फासेपारधी बाळाचे गडचिरोलीच्या बाळाच्या सरासरीत बुडालेले आहे. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने 2008 मध्ये आणि इदाते आयोगाने त्यानंतर याच माहितीच्या दुष्काळावर बोट ठेवले. त्या दृष्टीने तुमचे साठ घरांचे, पण वर्षातून तीनदा, ऊसतोडीपूर्वी, मध्ये फडावर आणि परतल्यावर केलेले काम चारशे प्रश्नावल्यांहून मोलाचे ठरेल. मार्गदर्शकांना पटवणे कठीण जाईल, हे मी जाणतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच आरोग्यदूतांच्या हाती नवजात बाळांची काळजी सोपवली आणि तेथील नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये जगापुढे मांडले. पुढे देशभरच्या आशांच्या कामात ती पद्धत आली. त्या कामाचे बळ नोंदींच्या खोलीत होते, याचा दाखला त्यांना देऊन पाहा.

भाषेविषयी थोडक्यात सांगतो. फासेपारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची आहे, कैकाड्यांची तमिळच्या कुळातली. सोलापूरकरांना तेलुगू-कन्नड कानावरून गेलेली असते, म्हणून आपल्याला सगळे समजते असा आपला गोड गैरसमज असतो. प्रश्नावली छापील मराठीत तयार झाली की सहाय्यक मुलीकडून ती बोलीत सांगून घ्या आणि दुसऱ्या कोणाकडून उलट मराठीत. तुमच्या मसुद्यात ‘श्वेतप्रदर’ असा शब्द आहे. ‘अंगावरून पांढरे जाते का’ असे विचारल्याशिवाय एकही बाई उत्तर देणार नाही, आणि पुरुष शेजारी बसला असेल तर तसे विचारूनही देणार नाही.

हा मसुदा दुरुस्त करून परत पाठवा. त्यात दोन रकाने वाढवा, निकाल कोणत्या तारखेला आणि कोणी परत नेऊन सांगितला याचा एक, आणि वस्तीने काय छापू नये म्हणून सांगितले याचा दुसरा. पहिली भेट मेच्या पहिल्या आठवड्यात ठरवा. मी येईन, मात्र त्या दिवशी वही गाडीतच राहील.